चौदा नंबरचा नळ

— नाही नाही, बसा ना, ही पिशवी माझीच आहे, थांबा, उचलते. आत कशाला ताटकळताय? जुन्या कागदांचा गठ्ठा तळघरातून वर यायला वेळ लागतो, आणि आला की चष्मेवाले साहेब स्वतः दारात येऊन नंबर पुकारतात, आवाज असा की झोपलेला माणूस दचकून उठेल. तोवर इथे व्हरांड्यात बोललं तरी चालतं. आत चकार शब्द नाही. आणि पेन नाही हं — पेन्सिल आणलीत का? वाटलंच. घ्या ही, टोक केलेलं आहे. पहिल्या दिवशी माझं पेन काढून घेतलं साहेबांनी, मी म्हटलं, अहो, मी काय तुमच्या कागदांवर लिहिणार आहे का? तर म्हणाले, बाई, सगळे असंच म्हणतात. आता माझ्याशी बरे वागतात. रोज येणाऱ्या माणसाशी किती दिवस भांडणार?

तुम्ही पहिल्यांदाच आलात ना? कळतं. खिडकीवर तुम्ही फार हळू बोलत होतात — तरी मला ऐकू आलं, म्हणजे मी काही कान देऊन बसले नव्हते, पण जन्मभर टेलिफोनच्या ऑफिसात काढला, कानात यंत्र, समोर खुंट्या, दिवसभर लोकांची बोलणी जोडून द्यायची. कान तयारच असतात. तर तुम्ही म्हणालात, विहिरीची गल्ली, चौदा नंबर, सुईणीचे अर्ज. शेवटचा गठ्ठा. आणि वर म्हणालात, माझी पणजी.

त्यात काही नाही हो, खरंच सांगते. गटारांची कामं, दिव्याचे खांब, कुणाचा गोठा रस्त्यावर आलाय — धुळीने नुसतं नाक भरून जातं. तुम्ही नोकरी करणारे दिसता, रजा टाकून आला असाल, कशाला फुकट घालवता? उद्या या. किंवा पुढच्या आठवड्यात. हा गठ्ठा इतके दिवस दुरुस्तीला गेला होता, पानं चिकटली होती, आज सकाळीच परत आलाय, आणि मी धावत आले तर तुमची चिठ्ठी आधी लागलेली. एक गठ्ठा एकाच माणसाला देतात इथे. तुमचं झाल्यावर माझा नंबर. म्हणजे तुम्हाला घाई करावी असं नाही, पण — बघा, मी तुम्हाला अडवतेच आहे, नाही का? अडवतेय. तोंडावरून कळत असेल. माझ्या पोटात काही राहत नाही, दादा म्हणतो, तुला टेलिफोनवर कसं ठेवलं कोण जाणे.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. आम्ही दोघंच. त्याचं लग्न झालं नाही, माझं झालं आणि संपलं, आता एकत्रच राहतो, बाबांनी बांधलेल्या घरात. वर्ष झालं, त्याने अंथरूण धरलंय. छातीचं दुखणं. डॉक्टर माझ्याशी दाराबाहेर येऊन बोलतात, यावरूनच काय ते समजा. तर हे सगळं त्याच्यासाठी सुरू झालं. एकदा पडल्या पडल्या म्हणाला, ताई — मी लहान असूनही मला ताईच म्हणतो — आपण कुणाचे गं? वाऱ्याने उडत आलो की काय? कारण बाबांनी कधी काही सांगितलंच नाही. ते लहानपणीच घरातून पळाले, एका मास्तरांच्या घरी वाढले, आडनावही त्या मास्तरांचंच लावलं. आईबापांचा विषय काढला की उठून बाहेर जायचे. आम्हाला ठाऊक होतं ते एवढंच — विहिरीची गल्ली, चौदा नंबरचं घर. तेही एकदा तापात बोलले म्हणून.

आता ती गल्ली राहिलीच नाही, तिथून मोठा रस्ता गेलाय. म्हणून मी इथे आले. साहेबांनी नगरपालिकेचे जुने गठ्ठे काढून दिले, आणि चौदा नंबर म्हणून ज्यात त्यात बघत गेले तर — काय सांगू तुम्हाला! तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुमचीच ती. सुईण. नळ मिळावा म्हणून अर्ज. लिहिणारा बाहेर टेबल टाकून बसणारा कुणीतरी, पण बोलणं सगळं तिचं, शेवटी अंगठा. ‘साहेबांना पाणी तापवून मिळतं, मला आधी पाणी आणावं लागतं.’ असं लिहायचं कुणी नगरपालिकेला? अडलेल्या बाईचा निरोप आला की आधी हंडा घेऊन गल्लीच्या तोंडाशी जायचं, मग तिच्याकडे पळायचं. एकाला उत्तर नाही आलं की दुसरा अर्ज, दुसऱ्याला नाही आलं की तिसरा, प्रत्येकात आधीच्या साहेबाची खरडपट्टी. मी ते पेन्सिलीने उतरवून घ्यायचे आणि संध्याकाळी दादाला वाचून दाखवायचे. तो हसून हसून खोकायचा. मी म्हणायचे, हसू नको, तर म्हणायचा, वाच गं, आजी काय म्हणते पुढे?

आजी म्हणायला लागलो होतो आम्ही तिला.

राग नका मानू. तुम्हाला चोर वाटत असेन मी. पण सगळं जुळत होतं हो! माझा स्वभाव बघा — कुणाशीही भांडण काढते, ऑफिसात मला तिखट म्हणायचे. कुठून आला तो? आई तर गाय होती. आणि बाबांचा तो नळ. आमच्या घराच्या फाटकाबाहेर, रस्त्याकडे तोंड करून एक नळ आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याने प्यावं, कुणीही भरून न्यावं. घर बांधलं तेव्हा भिंतीही पुऱ्या झाल्या नव्हत्या, आत मोरीत पाणी नव्हतं, आई वर्षभर बादल्या वाहत होती, पण तो बाहेरचा नळ आधी. आई कुरकुर करायची, जगाला पाजा आणि मला वाहायला लावा. बाबा नुसतं ऐकून घ्यायचे. ते गेल्यावर तो बंदच पडला होता. तर तुमच्या — तर सुईणीचे अर्ज ऐकल्यावर दादाने प्लंबर बोलावून तो दुरुस्त करून घेतला. पडल्या पडल्या सूचना देत होता. म्हणाला, रक्तातच आहे गं आपल्या. खिडकीतून कुणी पाणी पिताना दिसलं की त्याचा चेहरा बघावा! वर्षभर त्या चेहऱ्यावर मी असं काही बघितलं नव्हतं.

किती वाजले? नाही, असंच विचारलं. मला बसवत नाही एका जागी. मी जरा उभी राहते, तुम्ही बसा.

तर नळ का मिळत नव्हता — वाचलेत का तुम्ही आधीचे अर्ज? नाही? मग ऐका. गल्लीच्या तोंडापर्यंत पाइप आला होता. चौदा नंबरपर्यंत आणायचा तर समोरच्या घराच्या पायरीखालून न्यावा लागत होता, आणि तो समोरचा माणूस म्हणे, माझी पायरी हलणार नाही. बस्स. नगरपालिका पण अशी की प्रत्येक अर्जावर शेरा — समोरील घरमालकाची संमती बाकी. तो दगड म्हणून दगड! आम्ही दोघांनी त्याचं नाव खडूस ठेवलं होतं. रोज संध्याकाळी त्याला शिव्या. मी एक द्यायची, दादा एक द्यायचा, दादाच्या जास्त चांगल्या असायच्या. म्हणायचा, मेला असेल तेव्हा खांदा द्यायलाही कुणी गेलं नसेल. आणि त्या एका अर्जात ती लिहिते — हे मला पाठ आहे — ‘त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा याच पायरीवरून तो मला हाताला धरून आत घेऊन गेला. मुलगा झाला. त्या दिवशी पायरी आड आली नाही.’ दादाने ते तीनदा वाचायला लावलं. डोळ्यांत पाणी. म्हणाला, आपली आजी आहे ही, ताई, वाऱ्याने उडत नाही आलो आपण.

मग मला कुठून बुद्धी सुचली! काल. साहेबांना म्हटलं, गल्लीचा नकाशा असेल तर द्या, भावाला दाखवते घर नेमकं कुठे होतं. त्यांनी मोठा नकाशा पसरला टेबलावर. बघते तर प्रत्येक घरावर दोन आकडे, एक काळा, एक लाल. म्हटलं, हे काय? तर म्हणाले, मध्ये एकदा घरांचे नंबर बदलले, काळे जुने, लाल नवे. तुमचे वडील किती साली पळाले? मी सांगितलं. म्हणाले, मग तुम्हाला लाल बघायला पाहिजे, बाई. इतक्या सहज म्हणाले! चष्मा पुसत पुसत. अर्ज नंबर बदलायच्या आधीचे, म्हणजे काळा चौदा सुईणीचा. आणि लाल चौदा — लाल चौदा समोर.

हो. तोच. पायरीवाला.

खडूस म्हणजे आमचे आजोबा. आणि तो झालेला मुलगा म्हणजे बाबा. नकाशात पायरीसुद्धा काढलेली आहे हो, छोटासा चौकोन, गल्लीत पुढे आलेला. मी बोट ठेवून बघितलं. काल घरी गेले, दादा वाट बघत होता, म्हणाला, आज काय? मी म्हटलं, आज बंद होतं. म्हणाला, तो गठ्ठा आला का? नळ मिळाला का गं तिला? रोज तेवढंच विचारतो. मी भाजी चिरायला जाऊन बसले, भाजी चिरून झाली तरी तिथेच बसून राहिले. आमच्या घराचे, म्हणजे त्या लाल चौदाचे कागदही साहेबांनी आज सकाळी काढून ठेवलेत, आत माझ्या टेबलावर आहेत, मी दोरी सोडलेली नाही. काय बघायचं त्यात? मागच्या पिढ्यांनी अजून कुणाकुणाचं पाणी अडवलं ते?

म्हणून म्हटलं, तुम्ही उद्या आलात तर. एका दिवसाने काय झालं असतं, ते मला विचारू नका, मला माहीत नाही. असं वाटलं की तुम्ही तो गठ्ठा उघडलात की ती गेली आमच्याकडून. मला तुमचा राग आला, खरंच आला, तुम्ही खिडकीशी उभे होतात तेव्हा मागून तुमच्याकडे बघत होते, म्हटलं याचे कान तरी तिच्यासारखे आहेत का? जसे काही तिचे कान मी पाहिलेत! मला आवडायची हो ती. या वयात माणूस कुणाची नात होऊन बसतो का? मी बसले होते.

ऐका, एक मागू का? तिला राहू द्या आमच्याकडे. थोडे दिवस. दादाचं फार नाही आता. मी त्याला काही सांगणार नाही, तुम्हीही कुठे सांगायला येणार आहात! तुमच्याकडे ती कायमचीच आहे, तुम्हाला फरक पडणार नाही. फक्त मी रोज ‘आजी’ म्हणेन तेव्हा मला चोरटं वाटू नये, म्हणून विचारते. — असं मान हलवून नको, तोंडाने सांगा. — बरं. बरं बाबा. देव भलं करो तुमचं. रडत नाहीये, धूळ आहे इथली.

आणि अजून एक, मग मी गप्प बसते. तुमच्या घरात काही बोलायचे असतील ना? गठ्ठा उघडण्याआधीच सांगा, तुमच्या तोंडून ऐकते — आला का हो नळ? शेवटी?

नाही?

कधीच नाही? म्हणजे शेवटपर्यंत गल्लीच्या तोंडापासून — म्हातारपणीसुद्धा? डोक्यावर? अहो, पण एका दिवसाचं काम होतं! पायरी काढायची, पाइप टाकायचा, पायरी परत बसवायची, गवंड्याने संध्याकाळपर्यंत — आणि ती तशीच वाहत राहिली. आमच्या पायरीमुळे. — नाही, तुम्ही नका माझी समजूत काढू, तुमची पणजी होती ती. आमच्याच पायरीमुळे. आणि समोरच तर होतं घर, दार उघडलं की दिसणार, सकाळ-संध्याकाळ, हंडा घेऊन जाताना, येताना. बाबा लहान असणार तेव्हा. त्याच पायरीवर बसत असणार, लहान मुलं बसतात ना दारात. बघत असणार रोज. आणि पुढे स्वतःचं घर बांधायला काढलं तेव्हा भिंती उभ्या राहायच्या आधी, फाटकाबाहेर, रस्त्याकडे तोंड करून —

अगं बाई.

— काय? हो, तुमचाच पुकारला. जा. पेन्सिल असू द्या, मला नको आता. माझा गठ्ठाही साहेबांना म्हणावं ठेवा बांधलेला, मी उद्या बघेन. मी घरी निघाले. दादाला सगळं सांगायचंय, पहिल्यापासून, खडूससकट. जा ना, उभे काय राहिलात? साहेब ओरडतील.