गाठीला पाय

शमा : ऐक हं, अम्मी. ‘माझ्या उदरात तीव्र वेदना उद्भवल्या…’

जन्नतबी : उदर काय? मन्हा पोटमा दुखे. पोट लिख, बेटी.

शमा : अगं, पुण्याचं बायकांचं मासिक आहे. त्यांनी आजारपणाचे अनुभव मागवलेत. भाषा शुद्ध हवी.

जन्नतबी : मंग एखादी शुद्ध बाईले आजारी पाडा! नईमा, सांग ना हिले.

नईमा : मिठाच्या सत्याग्रहाचं साल, शमा. तुझ्या आईच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेलेली, मूलबाळ नाही. महिन्याचं बंद झालं, तर म्हणाली, वय झालं. मग पोटात गाठ वाढायला लागली. खांडबाऱ्याचा वैदू हात लावून म्हणाला, कापावी लागेल, सुरतेला न्या.

जन्नतबी : मी मरानी तयारी करी लिधी. तुन्हा बापले सांगं, मन्हा मांगे तुमी उपाशी मरशात. नईमासंगे निकाह करा.

शमा : काय? खालाशी?

नईमा : मी हिची मैत्रीण, विधवा, नवापूरला भावाकडे राहायची. ही स्वतः आली, हिरवं लुगडं देऊन मागणी घालून गेली.

शमा : आणि अब्बा?

जन्नतबी : कापूस पिंजता पिंजता रडना. गिऱ्हाईकनी गादी वली व्हई गयी!

शमा : मग सुरतेला काय झालं?

जन्नतबी : डाक्टरीनबाईनी पोटवर नळी ठेई, कान लावा, आनि हासालेच लागनी. म्हने, “बाई, या गाठीले पाय शेत. लाथा मारी ऱ्हायनी!”

(शमाची लेखणी थांबते.)

शमा : थांब. ती गाठ म्हणजे मी?

जन्नतबी : मंग कोन? तुन्हा बाप दवाखानानी भिंतले धरीसन हासे. गाडीमा डबाभर लोकेस्ले सांगे, “आमनी गाठले सातवा महिना शे!” व्याराले उतरना नि तिकीट तपासनारलेच मिठी मारी!

नईमा : आणि इकडे मी मेंदी भिजवून बसलेली!

शमा : अय्या! खाला, तुला वाईट नाही वाटलं?

नईमा : वाटलं. खोटं कशाला बोलू? भावजय माझी जायची वाट बघत होती. मलाही वाटलेलं, आता आपली चूल होईल. तेवढ्यात गाडी नवापूरला थांबली आणि तुझी आई ते पोट सांभाळत, धापा टाकत दारात. म्हणाली, “नईमा, नवरा देत नही. तो मलेच लागस. पन घर शे. चाल.”

जन्नतबी : आनि ही हिरवं लुगडं नेसीसन निंघनी! टेसनवर लोके इचारेत, नवरी कोनती?

नईमा : दुसरं धड लुगडं होतं कुठे? मग तू झालीस. हिला ताप चढला, दूध आटलं. मी तुला शेळीच्या दुधाचा बोळा चोखवायची. दोघींतली कोण वाचेल, कळत नव्हतं. आणि ही तापातसुद्धा हसत होती.

जन्नतबी : हासू नही तं काय करू? मरानी सगळी तयारी व्हती. जगानी काहीच नही. एक झबलं बी नव्हतं घरमा.

शमा : हे सगळं लिहिते. असं चालेल? ‘त्या प्रसंगी घरी आलेल्या एका पाहुण्या बाईंनी…’

नईमा : शमा.

शमा : काय गं, खाला?

नईमा : पाहुणी नको लिहू.