बुरुजाचे दगड

किल्ल्यांचा विषय काढलात म्हणून सांगतो, एरवी मी हे सांगत नाही. नव्वदच्या दशकात मी सुरतेत बँकेत होतो. आमच्या बँकेतल्या जोशी सरांना एकच ध्यास होता, किनाऱ्यावरचे सगळे पडके किल्ले मिळून एक राष्ट्रीय उद्यान व्हावं. माणूस वाईट नव्हता हो, हे आधीच सांगतो. दर रविवारी आम्हाला हजिऱ्याकडच्या एका बुरुजाशी न्यायचे आणि भेटेल त्याला इतिहास सांगायचे.

एकदा पाहतो तर बुरुजाचे अर्धे दगड गायब! शेजारच्या कोळणीने ते घरामागे रचून समुद्राला बांध घातला होता.

सर भडकले. "बेन, हे बादशाही काळातले दगड आहेत. इथे उद्यान झालं की सरकार त्यांची राखण करणार आहे."

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग गुजरातीत म्हणाली, "साहेब, मग माझं घरही त्यात घाला ना. त्याचीही राखण होईल."

"तसं होत नाही. वास्तू निदान शंभर वर्षं जुनी लागते."

"शंभर? हे माझं तिसरं घर आहे, साहेब. दरिया एकालाही म्हातारं होऊ देत नाही."



पावसाळ्यानंतर गेलो, तर घर नव्हतं. बांधही नव्हता. दगड बुरुजाखालच्या चिखलात विखुरले होते. सर पँट दुमडून चिखलात उतरले, एकेका दगडावरून हात फिरवला आणि आमच्याकडे वळून हसत म्हणाले, "चला, आपले दगड परत मिळाले!"