आधी माझा प्रश्न

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी कपडे शिवणाऱ्या एक बाई आणि त्यांची लेक नंबरची वाट बघत बसल्या होत्या. लेकीचं डोकं मोबाइलमध्ये होतं.

"आई, ऐक ना, यात लिहिलंय, डोळ्याचा पडदा एकदा खराब झाला की..."

"नको वाचूस."

"अगं, माहिती नको का आपल्याला?"

"तुझ्या लायब्ररीत माणूस आला, की आधी काय करतेस?"

"विचारते, काय हवंय म्हणून."

"मला विचारलंस? नुसती वाचून दाखवतेयस. रात्री डोळा लागत नाही माझा."

"चुकलं माझं. सांग, काय हवंय तुला?"

"मला शिवता येईल का, एवढंच. आणि ते मीच विचारणार. तू मध्ये बोलायचं नाहीस."

त्यांना आत बोलावलं. बाहेर आल्या तेव्हा आई पुढे होती.

"ऐकलंस ना? भरपूर उजेडात शिवायचं. काळ्या कापडावर काळा दोरा नाही जमायचा. मग काळे कोट घेणं बंद! गिऱ्हाइकांना आजच सांगते."

"पण पुढे काय होणार, ते विचारायचं राहिलंच."

"मला नकोय ते."

"मला हवंय गं. त्याशिवाय मला झोप नाही यायची."

आई पुन्हा बाकावर टेकली.

"मग जा, विचारून ये. मी बसते इथे. पण मी होऊन विचारेपर्यंत मला सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

"आणि तोंड धुऊन बाहेर ये. तुझा चेहरा मला अजून स्पष्ट दिसतो."