तुमची तयारी झाली की सांगा

रुख्मिणी : सरक पोरी, दारात उभी राहू नको. सोळा वर्षं डाळमिलवर एका चाळणीला समोरासमोर बसलो मी आन् तुजी आई, आन् मलाच आत सोडंना झालीस?

शिवरंजनी : तसं नाही, मावशी. आई जागी आहे. फक्त तिच्यापुढं रडू नका. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलंय, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. छातीतली गाठ लय पसरलीय. दुखणं कमी करायचं, तेवढंच हातात राहिलंय.

रुख्मिणी : गाठ? मालक तर म्हणले, अशक्तपणा आलाय म्हणून काम सोडलं.

शिवरंजनी : आईनंच तसं सांगायला लावलं होतं.

महादेवी : कोण हाय गं, शिवा?

रुख्मिणी : मी हाय, महादेवीताई. रुख्मिणी. उठू नका तुमी, पडून ऱ्हावा.

महादेवी : या. बसा. तुमाला उन्हाचा तरास झाला आसंल. शिवा, पाणी दे त्यास्नी.

रुख्मिणी : अगं, मला कामून आवजाव करायलीस?

महादेवी : तुमी करायल्या म्हणून.

रुख्मिणी : मी तर मानानं बोलायले. तुज्या जिवाला बरं वाटावं म्हणून.

महादेवी : कुणी सांगितलं तुला, मला त्यानं बरं वाटतंय म्हणून?

रुख्मिणी : त्या पुण्याच्या मॅडमनी.

शिवरंजनी : कोणत्या मॅडम?

रुख्मिणी : तुला सांगितलं न्हाई व्हय आईनं? संक्रांत झाली आन् मालकानं मिलवर ट्रेनिंग ठेवलं. बाया भांडत्यात, काम तटतंय म्हणून. तिघी-चौघींचं तर एकमेकीशी बोलणंच बंद होतं. त्या मॅडमनी चोवीस सवाल इचारले. राग आल्यावर काय करता, कुणी चूक काढली तर काय वाटतं, असले. मग ज्याचा त्याचा सुभाव बघून रंगाचा बिल्ला दिला. मला लाल. लाल म्हंजे फटकन् तोंडावर बोलणारं माणूस. तुज्या आईला हिरवा. हिरवं माणूस शांत. कुणी वरडलं तर उलटून बोलत न्हाई, आतल्या आत झुरतं.

महादेवी : मिलवरली निकिता म्हणली होती, लाल म्हंजे मिरची, दुसरं काय!

रुख्मिणी : हसल्या समद्या. मीबी हसले. पर घरी जाऊन डोळ्याला डोळा न्हाई लागला माझा. म्हणलं, सोळा वर्षं आपण हिच्यावर खेकसायलो. म्हादे, खडा दिसत न्हाई का? म्हादे, हात उचल. ही बिचारी हूं की चूं करत न्हाई. किती लागलं आसंल हिच्या मनाला, आन् आपल्याला पत्ताच न्हाई.

शिवरंजनी : म्हणून तुम्ही बोलणं बदललंत?

रुख्मिणी : लिवून घेतलं होतं ना मी वहीत. हिरव्या माणसाशी हळू बोलायचं. खोदून इचारायचं न्हाई. घाई करायची न्हाई. म्हणायचं, तुमची तयारी झाली की सांगा. डब्याचं तर मॅडम बोलल्याबी नव्हत्या, माझा मीच अर्थ काढला. म्हणलं, दुसऱ्याच्या डब्यात हात घालणं म्हंजे वरडण्यातलाच परकार की. आदी रोज हिचा डबा मीच उघडायची, तवापासून हात लावला न्हाई.

महादेवी : पुढं पुढं रोज तसाच परत यायचा तो. भाकर तशीच.

रुख्मिणी : म्हंजे तवाच खाणं गेलं होतं तुझं?

महादेवी : हूं.

रुख्मिणी : आन् मी समोर बसून माझी भाकर खायले मान खाली घालून. देवा रे!

महादेवी : तसं मॅडमचं लय चुकलं न्हाई रुखमे. कस्तुराबाईचं आन् निकिताचं भांडण मिटलं की त्यानं.

रुख्मिणी : मिटलं. मालक तर लय खूश. माझा फोटो लावलाय भिंतीवर, सगळ्यात जास्त बदललेली कामगार म्हणून. आग लावा त्या फोटोला! म्हादे, खरं सांग. कधी कळलं तुला?

महादेवी : होळीच्या आधी. न्हाताना हाताला लागली. हरभऱ्याएवढी होती.

रुख्मिणी : हरभऱ्याएवढी? मंग तवाच गेली असतीस तर...

शिवरंजनी : मावशी, नको.

रुख्मिणी : न्हाई, बोलू दे मला. पोरीला कामून सांगितलं न्हाईस?

महादेवी : तिची परीक्षा होती. आन् पोरीला काय सांगायचं असलं? तुलाच सांगणार होते. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वक्ताला तुज्याजवळ सरकले. म्हणलं, रुखमे, एक सांगायचं होतं.

रुख्मिणी : आठवतंय मला.

महादेवी : तू हातातला घास खाली ठेवलास. नीट सावरून बसलीस. बँकेत सायबापुढं बसतेत तशी. आन् म्हणलीस...

रुख्मिणी : नको बोलू गं.

महादेवी : म्हणलीस, महादेवीताई, घाई न्हाई. तुमची तयारी झाली की सांगा.

रुख्मिणी : मला वाटलं, घरातलं काही आसंल. तुज्या मनानं सांगशील. मी रोज वाट बघायची गं!

महादेवी : तयारीच तर नव्हती, रुखमे. म्हणून तुज्याकडं आलते. पुन्हा दोन डाव आले. एकदा पाण्याच्या टाकीजवळ, एकदा एसटीत. तू दोन्ही बारीला तेच म्हणलीस, गोड आवाजात. वाटलं, माझं काही चुकलं आसंल. हिनं मला तोडलं. तू म्हणणारी बाई एकाएकी तुमी म्हणाया लागली तर माणसानं काय समजायचं?

रुख्मिणी : करायला गेले गणपती आन् झाला मारुती.

महादेवी : तुमी म्हणणाऱ्या बाईला छातीवरची गाठ कशी दाखवायची, सांग बरं.

(रुख्मिणी महादेवीजवळ सरकून बसते.)

रुख्मिणी : आदीची रुखमा असती तर?

महादेवी : म्हणली असती, बोल की गं मेले, तोंडात काय डाळ भरलीस? आन् मनगटाला धरून त्याच दिवशी परभणीच्या दवाखान्यात नेलं असतं.

रुख्मिणी : मालकाला न इचारता.

महादेवी : मालकालाच गाडी काढायला लावली असतीस.

शिवरंजनी : मावशी, रडू नका म्हणलं होतं ना मी.

रुख्मिणी : रडू दे गं. माझ्या जिभेनं आयुष्यभर लोक दुखावले, आन् एकदा ती जीभ आवरली तर माणूस गेलं माझं. मी मारलं तुला, म्हादे.

महादेवी : येड्यागत बोलू नको. मी तरी कुठं वरडून सांगितलं? हिरवी ना मी. बिल्ला बरोबरच होता.

रुख्मिणी : कुठाय तो? इकडं आण, चुलीत घालते.

महादेवी : राहू दे. सोळा वर्षांत कुणी इतकं माझ्यासाठी वहीत लिवलं होतं? चूक का असंना, माझ्यासाठीच लिवलं होतंस. आज कळलं मला.

शिवरंजनी : आई, जास्त बोलू नको. धाप लागायलीय.

महादेवी : मी न्हाई बोलत. ही बोलंल. बोल गं रुखमे. पयल्यासारखं. मिलवर दुपारी तू बडबडायचीस, मला बसल्या जागी डुलकी लागायची. तू गप झालीस की जाग यायची. वाटायचं, मालक आले.

रुख्मिणी : काय बोलू?

महादेवी : कायबी. आठ दिवस झाले, झोप न्हाई मला.

रुख्मिणी : तर ऐक मेले. त्या कस्तुराबाईनं काल काय केलं ठावं हाय का? चष्मा केसात खोचला आन् मिलभर चष्मा हुडकायली. पोती सरकवली, चाळणी उलटी केली, मला म्हणती, रुखमे तूच बसलीस त्याच्यावर, ऊठ. मी उठले. मी बी शहाणी, तिनं पुन्हा ऊठ म्हणल्यावर दुसऱ्यांदा उठले. मंग निकिता म्हणली, आजी, डोस्क्याला हात लावा. तुज्या जागेवर बसती आता निकिता. हात चालत न्हाई तिचा, खडे तसेच सोडती. म्हणलं, म्हादीच्या जागेवर बसलीस तर म्हादीगत नीट बघ की गं...

शिवरंजनी : मावशी. डोळा लागला तिचा. आता जरा गप्प बसा.

रुख्मिणी : न्हाई गं पोरी. मी गप बसले की जागी होती ती.