भोळे सरांचा संघ आणि आमच्या घरात लपवलेलं दुखणं

आजच्या सत्कार सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे ज्येष्ठ मार्गदर्शक डॉ. विक्रांत सबनीस, व्यासपीठावरचे आपले सत्कारमूर्ती श्री. पद्माकर भोळे सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि 'माझ्याबद्दल काही बोलू नका' असं आत्ता मला डोळ्यांनी बजावणाऱ्या सुनेत्राताई, मंडळाचे पदाधिकारी, आणि शनिवारची दुपार मोडून क्वीन्सटाउनच्या या हॉलमध्ये जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मागच्या तीन रांगांत सरांचे जुने खेळाडू बसले आहेत. त्यातल्या बहुतेकांना मराठी येत नाही. माझा मुलगा क्षितिज त्यांना हळू आवाजात इंग्रजीत सांगतो आहे. मी मधेच थांबले, तर बाई भाषण विसरल्या असं समजू नका. तो मागे पडला असेल.

मी मीनल टिपणीस. पाया लेबारला एका बँकेत नोकरी करते. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'सत्कारमूर्तींचा परिचय, सात मिनिटं' असं छापलंय. परिचय मी करून देणारच आहे. पण अध्यक्ष महाराज, सात मिनिटांत तो संपणार नाही, एवढी सूट आत्ताच मागून ठेवते.

सर मूळचे जळगावचे. कॉलेजात असताना सॉफ्टबॉल खेळले, मग बेसबॉल. विद्यापीठाच्या संघात तीन वर्षं होते. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, आणि दोन हजार एक साली चांगी बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामासाठी ते देश सोडून इथे आले. खेळ संपला होता. आपल्यापैकी किती जणांचं असंच काही ना काही संपलं नाही? कुणाचं गाणं संपलं, कुणाचं नाटक. आपण ते बॅगेत घालून आणतो आणि बॅग पलंगाखाली सरकवतो.

सरांची बॅग उघडली ती दोन हजार आठ साली. ते संध्याकाळी घरी चालत निघाले होते. वाटेत एका कॉलेजच्या मागच्या भिंतीवर चार मुलं बेसबॉलचा चेंडू फेकत होती. चौघांत ग्लव्ह एक. सर दहा मिनिटं उभे राहिले. मग न राहवून एका मुलाला म्हणाले, "हात नाही रे, आधी पाय टाक पुढे." दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकून ते कॉलेजच्या क्रीडा विभागात गेले. मी या मुलांना शिकवतो, म्हणाले. तिथल्या बाईंनी विचारलं, प्रमाणपत्र काय आहे? सरांनी विद्यापीठाच्या संघाचा पिवळा पडलेला फोटो पुढे केला. बाई हसल्या. म्हणाल्या, मैदान फुटबॉलवाल्यांचं आहे, ते उठले की तुम्ही खेळा.

पहिल्या वर्षी अकरा मुलं. पहिला सामना तेवीस विरुद्ध शून्य असा हरले. हाफिज, तू होतास त्या सामन्यात. हात वर कर बरं. हे बघा, हा हाफिज. सामना संपल्यावर सर सगळ्यांना हॉकर सेंटरवर घेऊन गेले, नूडल्स मागवल्या आणि म्हणाले, प्रत्येकानं आज केलेली एक बरोबर गोष्ट सांगायची. कुणाला काही आठवेना. शेवटी हाफिज म्हणाला, "कोच, आय नेव्हर रन अवे, लाह." सर म्हणाले, झालं तर मग. उद्या सहा वाजता या.

सात वर्षं हे चाललं. बुधवार, शुक्रवार, शनिवार. अकरा मुलांची चाळीस झाली, मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ उभा राहिला, कॉलेजनं मैदानाचे तास ठरवून दिले, सरांना रीतसर करार मिळाला. चिनी, मलय, तमिळ, मराठी अशी सगळी पोरं एकमेकांना 'भाऊ' म्हणायला लागली. वर्षातून एकदा सुनेत्राताई ईस्ट कोस्टच्या बागेत सगळ्यांना भरीत-पुरी खाऊ घालायच्या. वेई जिये नावाचा एक उंच मुलगा होता, तो भरताचा डबा मांडीवर घेऊन बसायचा आणि कुणाला देत नसे. ताई, बोलू नका म्हणालात, पण एवढं तरी बोलू द्या.

आणि सरांचा एक नियम होता. पिचर म्हणजे जो चेंडू टाकतो, त्याच्या कोपरावर फार ताण येतो. सर डाव्या हातात मोजणीचं छोटं यंत्र धरून उभे राहायचे. ऐंशी चेंडू झाले की पिचर बाहेर. दोन हजार तेरा साली उपांत्य सामन्यात त्यांनी जिंकत आलेला पिचर ऐंशीवर काढला आणि आपण हरलो. पालक चिडले. त्यात मीही होते. सर म्हणाले, "सामना पुढच्या वर्षी परत येईल, कोपर येणार नाही." त्यानंतर त्यांनी एक कागद सुरू केला. दर आठवड्याला घरच्यांनी भरून सही करायची. मुलाला कुठे दुखतंय का, झोप नीट होते का, ताप आहे का.

आता मी त्या कागदावर येते.

दोन हजार पंधरा साली माझा क्षितिज शेवटच्या वर्षाला होता आणि संघाचा मुख्य पिचर होता. आपण पहिल्यांदा फायनलला पोचलो होतो. ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाचे दोन प्रशिक्षक ती फायनल बघायला येणार होते. क्षितिज त्यांना आवडला तर तिथे शिष्यवृत्ती. मी ऑफिसात चार जणींना आधीच सांगून बसले होते.

फायनलच्या दहा दिवस आधी जेवताना क्षितिजनं चमचा डाव्या हातात घेतला. मी विचारलं, काय रे? तो म्हणाला, "आई प्लीज, डोन्ट टेल कोच." कोपराच्या आतल्या बाजूला सूज होती. त्याचे बाबा, प्रकाश, तेव्हा कामानिमित्त जकार्ताला होते. मी त्यांना सांगितलं नाही. डॉक्टरकडे नेलं नाही, कारण डॉक्टर 'खेळू नको' म्हणाले असते. मी मलम आणलं, गोळ्या आणल्या, आणि सरांच्या कागदावर 'काही त्रास नाही' असं लिहून सही केली.

सर, बसा. कृपा करून उठू नका. क्षितिजला विचारूनच मी उभी राहिले आहे. गेल्या आठवड्यात त्याला म्हटलं, मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. तो म्हणाला, "से लाह, मा. तू नाही सांगितलंस तर मी सांगणार होतो."

फायनलच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, मी पाया लेबारच्या एमआरटी स्टेशनात शिरत होते तेव्हा सरांचा फोन आला.

"मीनलताई, क्षितिजचा हात आज वेगळा पडतोय. कोपर दुखतंय का त्याचं?"

"नाही हो सर. परीक्षेमुळे जागरणं झालीत."

"नक्की ना?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी पाचव्या डावात, बासष्टाव्या चेंडूला, क्षितिजनं हात पोटाशी घट्ट धरला आणि खाली बसला. ओरडला नाही. मी स्टँडमध्ये होते. मला काय झालंय ते सगळ्यांच्या आधी कळलं, कारण मला ते दहा दिवसांपासून माहीत होतं. सर धावत गेले. अॅम्ब्युलन्समध्ये क्षितिजबरोबर एकाच मोठ्या माणसाला बसता येणार होतं. मी स्टँडमधून खाली उतरले नाही. सर बसले. उरलेल्या सामन्यात चेंडू वेई जियेनं टाकले आणि आपलं कॉलेज जिंकलं. मंडळानं आज बाहेर जो मोठा फोटो लावलाय, ट्रॉफी घेतलेल्या मुलांचा, त्यात सर का नाहीत असं मघाशी दोघातिघांनी मला विचारलं. सर तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर होते. माझ्या मुलाचे बूट हातात घेऊन.

कोपराचा अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, तुटला होता. शस्त्रक्रिया झाली. ऑस्ट्रेलियाच्या लोकांनी फार सभ्य पत्र पाठवलं. पुढे सक्तीच्या लष्करी सेवेत, नॅशनल सर्व्हिसमध्ये, त्याला दोन वर्षं कपाट-फायलींचं काम मिळालं.

सप्टेंबरात कॉलेजनं चौकशी बसवली. तीन जण टेबलापलीकडे, अलीकडे सर आणि मी. टेबलावर तो कागद. त्यांनी सरांना विचारलं, तुम्हाला काही लक्षात आलं होतं का? सर म्हणाले, "शंका आली होती. तरी खेळवलं. जबाबदारी माझी." मग त्यांनी मला विचारलं, मिसेस टिपणीस, घरी काही जाणवलं होतं? मी म्हणाले, "नथिंग." एक शब्द. खोलीत एसी फार होता एवढं आठवतं. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सभागृहातल्या आयांना मी विचारते, तुम्ही काय केलं असतं? नको, उत्तर नको. तुम्ही कदाचित बरोबर वागला असता.

ऑक्टोबरमध्ये मी सरांच्या घरी गेले. सुनेत्राताईंनी चहा दिला आणि त्या आत निघून गेल्या. मी सगळं सांगितलं. म्हटलं, मी कॉलेजला जाऊन खरं सांगते. तुमचा करार डिसेंबरपर्यंत आहे, अजून वेळ आहे.  सर म्हणाले, "ताई, मला माहीत होतं. हात खोटं बोलत नाही. मी तुम्हाला फोन का केला? तुम्ही 'नाही' म्हणावं म्हणून केला. सात वर्षांनी फायनल आली होती. मलाही ती हवी होती."

मी रडायला लागले. सर म्हणाले, "तुम्ही सांगितलंत तर ते पोराला बोलावतील. त्याचं शेवटचं वर्ष आहे, हात गळ्यात आहे. राहू द्या."

मित्रहो, सरांनी ते दयेनं म्हटलं. पण मी ते ज्या घाईनं उचललं, त्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. मी एकदाही 'नाही सर, मी सांगणारच' असं म्हटलं नाही. लिफ्टमध्ये मला हलकं वाटत होतं. खोटं का बोलू, हलकं वाटत होतं.

डिसेंबरात करार संपला, नवा झाला नाही. कॉलेजनं बाहेरून प्रशिक्षक आणला, तो आठ महिन्यांत गेला. दुसरा आला, तो आठवड्यातून एकदाच यायचा. कागद बंद झाला, मोजणी बंद झाली, मुलं गळाली. मागच्या वर्षअखेरीस कॉलेजनं बेसबॉल बंद केला आणि मैदान फुटबॉलला परत दिलं. शेवटच्या वर्षी आलेली एक मुलगी आज इथे आहे. आर्या तिचं नाव. शाळेत असताना ती आमचे सामने बघायला यायची, या संघात खेळायचं म्हणून तिनं हे कॉलेज घेतलं. ती चार सामने खेळली. चारच.

मंगळवारी मी कॉलेजला पत्र लिहिलं. तो कागद खोटा होता, सरांनी विचारलं तेव्हाही मी खोटं सांगितलं आणि चौकशीतही. काल उत्तर आलं. पत्र मिळालं, नोंद घेतली, संघ पुन्हा सुरू करण्याचा सध्या विचार नाही. तीन वर्षांपूर्वी त्या ऑक्टोबरमध्ये हेच पत्र गेलं असतं तर काय उत्तर आलं असतं, हे मला आता कधीच कळणार नाही. सरांना नवा करार मिळाला असता, न मिळाला असता. पण निदान तो प्रश्न विचारला गेला असता.

सर, येत्या गुरुवारी तुम्ही जळगावला निघताय. निवृत्त झालात, घर तिकडे आहे, हे सगळं खरंच आहे. पण मला माहितीये, संघ असता तर तुम्ही आणखी पाच वर्षं राहिला असतात. काल सामान बांधताना सुनेत्राताई मला म्हणाल्या, "ते ग्लव्ह कुणाला देऊ गं? वीसेक आहेत."  ते ग्लव्ह अजून त्यांच्या दिवाणखान्यात पडलेत.

क्षितिज, हे सगळं सांगितलंस ना त्यांना? बरं.

अध्यक्षांनी एकदाही घंटी वाजवली नाही, त्यांचे आभार. मंडळानं सरांचा सत्कार करायचं ठरवलं, जे कॉलेजनं करायला हवं होतं ते केलं, त्याबद्दल सर्व पदाधिकाऱ्यांचे आभार. लांबून आलेल्या खेळाडूंचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलताना तोल गेला असेल, परिचयाच्या ऐवजी भलतंच सांगितलं असं वाटलं असेल, तर सभेनं मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं.

मी खरं सांगितलं नाही आणि संघ गेला, त्या दुसऱ्या चुकीची क्षमा मात्र मी सभेकडे मागणार नाही. ती मला आधी आर्याकडे मागायची आहे आणि ती माईकवरून मागता येत नाही. मी खाली येते, आर्या. तू बसून राहा.

नमस्कार.