दादाला सायकलवर नेलं तेव्हा

दादाच्या अस्थी जीपमधूनच न्यायच्या, सायकलवर न्यायच्या नाहीत, असं कुठं लिहिलंय? मी काकांना विचारलं. मग दादाचीच सायकल काढली, हँडलला अस्थींची पिशवी अडकवली आणि अहमदपूरहून एकटाच नांदेडला निघालो.

लोह्याच्या पुढं मागचं चाक बसलं. पंक्चर काढायला सायकल उलटी करावी लागते आणि अस्थी तर जमिनीला टेकवायच्या नसतात. टांगाव्या म्हटलं, तर रस्ता रुंद करताना झाडं सगळी तोडलेली. पिशवी धरून उभा राहिलो.

शेळ्या राखणारे एक बाबा आले. "अरं, ठेव की खाली. अंडी हायती का काय त्यात?"

"न्हाई बाबा. मोठा भाऊ हाय."

बाबांनी काठी टाकली, धोतराला हात पुसले आणि पिशवी घेतली. "लई हलका हाय रे."

"तसा जड होता. मागं बसला की मला चढ चढायचा न्हाई."

बाबा पिशवीला म्हणाले, "दम धर लेकरा. भाऊ पंक्चर काढायलाय."

तेवढ्यात शेळ्या हरभऱ्यात शिरल्या. शेतवाला शिव्या देत राहिला, पण पिशवी माझ्या हातात येईपर्यंत बाबा जागचे हलले नाहीत.

नांदेडला घाटावर काका जीपपाशी उभे होते. घाटालगत नदीकाठानं जाणाऱ्या रस्त्यावर दादा नेहमी अहमदपूरहून येऊन सायकल चालवायचा, मला चल म्हणायचा. मी कधीच गेलो नव्हतो. काका हाक मारत राहिले. मी थांबलो नाही. दादाला त्या रस्त्यानं शेवटपर्यंत फिरवून आणलं आणि मगच पाण्यात सोडलं.