वाजणारा कोळसा

लष्करानं कोळसा उचलायला सुरुवात केल्यापासून तांबट आळीतल्या त्रिंबकची भट्टी थंड पडली होती. परवडेल असा कोळसा शोधत तो सकाळीच पुण्याच्या जकात नाक्यावर येऊन उभा राहिला. त्याच्या पुढे घोड्यांना नाल ठोकणारे मकबूलमियाँ होते. बैलावर कोळशाची पोती लादून मावळातून आलेल्या एका म्हातारीशी ते बोलत होते.

"मावशी, लष्करवाले दुप्पट भाव देतात. मग आम्हालाच स्वस्त का?"

"लष्कर आज हाय, उद्या मोहिमेवर जाईल. तुमची भट्टी हितंच ऱ्हाईल न्हवं?"

"कोळसा ओला नाही ना?"

"ऐका की."

तिनं दोन तुकडे एकमेकांवर आपटले. काशाच्या वाटीसारखा नाद निघाला.

"या अल्ला! हा कोळसा आहे की घंटा?"

"मातीखाली लाकूड धुमसत असतं. जरा वारा शिरला की समदी राख. म्हणून रातभर त्या मातीवर तळवा ठिवून बसायचं. धूर निळा झाला की कोळसा झाला."

"एकट्याच बसता?"

"आग असती की सोबतीला."

जन्मभर भांड्यांचा नाद ऐकलेल्या त्रिंबकचे हात नकळत जोडले गेले.

"मावशी, ही पोती मियाँनी घेतली. पुढची खेप मला द्याल?"

"काय काम करता?"

"तांबट आहे."

म्हातारी त्याच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिली.

"तांबटाचं हात, आन् एवढं सोच्छ? मियाँ, तुमच्यातलं एक पोतं ह्यास्नी दिऊ?"

"एक कशाला, दोन द्या. घोडे थांबतील."